एन्ट्रीची टाळी

माझी वहिनी घाबरट आहे. मी तिची नणंद, म्हणून कुचकटपणे सांगते आहे असं समजू नका. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि तिला स्वतःलाही मान्य आहे. समोरून कुत्रं आलं की ती पलीकडच्या फुटपाथवर असते. लिफ्टमध्ये एकटी शिरत नाही, चार मजले चढून येते आणि धापा टाकत म्हणते, "व्यायाम होतो." फोन वाजला की आधी छातीवर हात, मग फोनवर. अशा बाईचं नाव अकरा वर्षं आमच्या नाट्यगृहाच्या यादीत बदली कलाकार म्हणून लागलेलं होतं. म्हणजे मुख्य नटी आली नाही तर तिच्या जागी उभं राहणारी. दादाला याचं इतकं हसू यायचं की तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या घरात वाघीण आहे, फक्त मांजरांना घाबरते."

तिचं खरं काम कपडेपटातलं. उसवलेलं शिवणं, चुरगळलेलं इस्त्री करणं, तुटलेली बटणं लावणं. ती तिथे लागली तीही माझ्यामुळे. मी तेवीस वर्षांची असताना त्याच रंगमंचावर एकदा बदली म्हणून उभी राहिले होते. एकदाच. पडद्यामागे उभी असताना माझ्या नावाची घोषणा झाली आणि सगळं सभागृह म्हणालं, "अरेरे." पाचशे माणसांचं अरेरे पडद्यातून कसं येतं हे ज्याने ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही. मग पडदा उघडला आणि दहाव्या मिनिटाला पहिल्या रांगेतली सात नंबरची खुर्ची फाटकन मिटली. एक माणूस उठून गेला. मग त्याच्या मागची खुर्ची, मग चार, मग मोजता येईनात. आमच्या खुर्च्या स्प्रिंगच्या आहेत, माणूस उठला की आपोआप मिटतात आणि थोबाडीत मारल्यासारखा आवाज करतात. मी वाक्य अर्धं टाकून आत पळाले आणि कपडेपटात इस्त्रीच्या टेबलाखाली जाऊन बसले.

मला तिथून न्यायला वहिनी आली. लग्नाला तिच्या तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. तिने मला बाहेर ये म्हटलं नाही. टेबलाजवळ स्टूल ओढून बसली, समोर पडलेला कोणाचातरी फाटका सदरा उचलला आणि शिवायला लागली. मी दोन तास रडले, तिने तीन सदरे शिवले. कपडेपटाच्या म्हाताऱ्या मास्तरांनी तिचे टाके पाहिले आणि उद्यापासून ये म्हणाले. मला न्यायला आली आणि स्वतःच राहिली. मी पुढे तिकीट खिडकीवर बसले, काचेच्या अलीकडे. एकवीस वर्षं झाली, मी प्रयोग सुरू असताना सभागृहात पाऊल टाकलं नव्हतं. जीभ तिखट झाली ती तेव्हापासूनच, म्हणून घरात मला मिरची म्हणतात.

आता बाईंबद्दल. बाई म्हणजे आमच्या नाटकाची मुख्य नटी. पंधरा वर्षांनी आपल्या घरी परतलेली एक बाई आणि त्या घरात आता राहणारा एक म्हातारा, अशी त्या नाटकाची गोष्ट. बाई राखाडी कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून, हातात बॅग घेऊन दारातून आत यायच्या, बॅग खाली ठेवायच्या आणि थांबायच्या. कारण टाळ्या सुरू व्हायच्या. दहा आकडे मोजून होईपर्यंत टाळ्या. त्या ओसरल्या की वर्तमानपत्र वाचणारे नाना, म्हणजे म्हाताऱ्याचं काम करणारे आमचे जुने नट, मान वर करून विचारायचे, "कोण पाहिजे?" अकरा वर्षं एकही प्रयोग बाईंनी चुकवला नाही. तापात आल्या, पाय मुरगळलेला असताना आल्या. त्यामुळे बदलीच्या रकान्यात कोणाचं नाव आहे हे कोणी बघतच नव्हतं. वहिनीला सगळी भाषणं पाठ होती, कारण तालमीत शिवता शिवता ती बाईंना वाक्यं सांगायची. मॅनेजरांनी दुसरं माणूस शोधण्याचा त्रास वाचवला आणि तिचंच नाव घालून टाकलं.

वहिनी सगळं शिकली ते विंगेत उभी राहून, बाईंकडे बघून. महिन्यातून एकदा स्वयंपाकघरात उजळणी व्हायची. दादा वर्तमानपत्र घेऊन नाना व्हायचा. ती बाजाराची पिशवी घेऊन दारातून यायची, पिशवी ठेवायची, थांबायची, आणि दादा ताटावर पळी बडवून म्हणायचा, "टाळ्या, टाळ्या, टाळ्या!" मग वर्तमानपत्रातून डोकं काढून, "कोण पाहिजे?" आम्ही हसायचो. यात काही चुकतं आहे असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या रविवारी चारचा प्रयोग होता. नाटक बंद होणार होतं, हा धरून शेवटचे तीनच उरले होते, त्यामुळे सगळी तिकिटं गेली होती. दीड वाजता बाईंच्या बहिणीचा फोन आला. बाईंचा घसा पूर्ण बसला होता. बोलायला गेल्या की नुसती हवा येत होती. मॅनेजर धावत माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "तुझ्या वहिनीला सांग."

"तुम्ही सांगा की," मी म्हटलं. "यादी तुमची आहे."

"मी सांगितलं तर ती पळून जाईल."

खोटं नव्हतं. मी कपडेपटात गेले. वहिनी इस्त्री करत होती. मी सांगितलं. तिने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, वायर नीट गुंडाळली आणि मोरीत जाऊन ओकली. परत आली, पाणी प्यायली आणि पुन्हा जाऊन ओकली. मग राखाडी कोट मांडीवर घेतला. बाई तिच्याहून वीतभर उंच, बाह्या बोटांवरून खाली लोंबत होत्या. तिने बाह्या आत दुमडून मोठे मोठे टाके घालायला घेतले. सुईत दोरा काही ओवला जाईना, शेवटी मी ओवून दिला.

"मिरचे, लोक उठून गेले तर?"

मी काहीतरी धीर देणारं बोलायला हवं होतं. मॅनेजरांनी मला बजावूनच ठेवलं होतं की मध्यंतरापर्यंत अर्धं सभागृह रिकामं झालं तर ते पडदा पाडणार आणि उरलेले दोन प्रयोगही रद्द करणार. पण मला नाटकाची चिंता नव्हती. मी टेबलाखाली बसले तेव्हा माझ्याकडे वहिनी होती. ही आज टेबलाखाली बसली तर हिला बाहेर कोण काढणार? माझ्याकडे तिच्यासारखे हात नाहीत. मला साधं बटण लावता येत नाही, फक्त तोंड चालवता येतं.

"ते अरेरे ऐकायचं नाही," मी म्हटलं. "मी ऐकलं, तिथेच संपले. घोषणा झाली की कानात कापूस घाल."

तिने लगेच कोटांच्या खांद्यांत भरायचा कापूस डब्यातून काढला आणि दोन बोळे वळून मुठीत घट्ट धरले. मी सांगितलेलं तिने इतक्या निमूटपणे कधी ऐकलं नव्हतं, त्यानेच माझं धाबं दणाणलं.

दादाला निरोप गेला. तो आला, पण आत बसायला तयार होईना. "माझ्याच्याने बघवणार नाही," म्हणाला आणि सायकल स्टँडच्या कठड्यावर जाऊन बसला. म्हणे वाघीण! हिच्या भित्रेपणावर एकवीस वर्षं हसणारा माणूस दोन्ही गुडघ्यांमध्ये डोकं घालून बसला होता.

मॅनेजरांनी घोषणेचा कागद लिहून माझ्याकडे दिला, अक्षर नीट करून दे म्हणून. "रसिक प्रेक्षकहो, कळवण्यास अत्यंत खेद होतो" अशी सुरुवात होती. पुढे अपरिहार्य कारण होतं, दिलगिरी होती आणि शेवटी "सांभाळून घ्यावे ही विनंती" होती. माझं डोकं फिरलं.

"सांभाळून काय घ्यायचं? ती काय पडणार आहे का?"

"अगं, बोलायची रीत असते."

"कसली रीत? तुम्ही माफी मागितलीत की लोकांना वाटतं आपल्याला फसवलं. खेद काढा."

मीच सगळं खोडलं. उरलं एवढंच, की आजच्या प्रयोगात ही भूमिका अमुक अमुक करतील. मॅनेजर म्हणाले, फार उघडं वाटतं. मी म्हटलं, वाटू दे.

आमच्याकडे रिवाज असा आहे की बदली असली की दारावर पाटी लागते. ज्याला नको त्याने तिसऱ्या घंटेच्या आत तिकीट परत करावं. तिसरी घंटा झाली की मग बसलेल्याने बसायचं, आणि बाईंकडे जसं बघितलं असतं तसं बघायचं. हा रिवाज कागदावर आहे. लोक कसे असतात ते मला खिडकीतून दिसतं. एकजण म्हणाला, "बाई नाहीत तर मग बघायचं काय?" एक बाई म्हणाली, "निदान पुढची रांग तरी द्या." एकाने विचारलं, "ही कोण? टीव्हीवर असते का?" कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण आत कोणाच्या तरी तोंडचं पाणी पळालंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. पहिल्या घंटेपर्यंत एकोणीस तिकिटं परत आली.

दुसऱ्या घंटेच्या जरा आधी सात नंबर आला.

तोच. एकवीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा उठलेला. त्याचं नाव मला माहीत नाही. दर रविवारी तो तीच खुर्ची मागतो आणि मी तोंड न उघडता तिकीट सरकवते. आता हातात काठी आली आहे, चष्मा जाड झाला आहे. त्याने पाटीपाशी नाक नेऊन ती वाचली, मग खिडकीशी आला आणि तिकीट काचेखाली अर्धं सरकवलं.

"कोण करतंय?"

कलाकाराचं नाव सांगायचं असतं. माझ्या तोंडून निघालं, "माझी वहिनी."

"पाठ आहे का?"

"तुम्हाला तुमचा पत्ता पाठ नसेल इतकं."

त्याने तिकीट परत ओढून खिशात घातलं आणि आत गेला. राहणार की दहाव्या मिनिटाला उठणार, काही कळायला मार्ग नव्हता.

तिसरी घंटा झाली. मी खिडकी लावली. घरी निघून जावं असं फार वाटलं, खोटं कशाला सांगू? पण पाय आपोआप सभागृहाच्या मागच्या दाराशी गेले. आत शिरले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. अंधार, माणसांचा ऊबट वास, समोर नुसती डोकी. घोषणा झाली, माझ्याच कागदावरची, एका ओळीची. मग डावीकडून कोणीतरी सुरू केलं आणि सगळीकडे पसरलं.

"अरेरे."

कापूस घातला असेल ना तिने, एवढाच विचार डोक्यात होता.

पडदा उघडला. नाना वर्तमानपत्र वाचत बसलेले. दार ढकलून वहिनी आत आली. राखाडी कोटात ती बाईंपेक्षा पुष्कळच बारकी दिसत होती. रुमाल कपाळापासून हनुवटीपर्यंत घट्ट बांधलेला. तिने बॅग खाली ठेवली आणि थांबली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती टाळ्यांसाठी थांबली होती. बाई थांबायच्या म्हणून थांबली होती. स्वयंपाकघरात दादा ताट बडवायचा म्हणून थांबली होती. इथे ताट बडवायला कोणी नव्हतं, आणि अनोळखी बाईच्या एन्ट्रीला टाळी देतं कोण?

एक, दोन, तीन. सभागृहात चिडीचूप. नानांनी तरी बोलायचं, पण अकरा वर्षांची सवय, तेही टाळ्या ओसरायची वाट बघत वर्तमानपत्रामागे बसून राहिले. दोघंही न वाजणाऱ्या टाळ्या थांबण्याची वाट बघत होती. चार, पाच. कोणीतरी खोकलं. कुठेतरी खुर्ची करकरली. मला वाटलं, आता. आता ती फाटकन मिटेल, मग दुसरी, मग सगळ्या.

आमच्या नोकरीचा एक कडक नियम आहे. नाट्यगृहातल्या माणसाने टाळी वाजवायची नाही. लोकांना घरची टाळी लगेच ओळखू येते आणि नटाची शोभा होते. हे मला माहीत होतं. तरी माझे हात वर आले आणि मी टाळी वाजवली. एक, दोन, तीन. त्या शांततेत तो आवाज इतका भिकार वाटला की मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोकी मागे वळली. आणि पहिल्या रांगेतून काठी जमिनीवर आपटली.

"शूऽऽ! बघू द्या की तिला!"

सात नंबर होता.

वळलेली डोकी पुन्हा पुढे झाली. आणि मग मीही पुढे बघितलं, म्हणजे खरंच बघितलं. वहिनी अजून तशीच उभी होती. तिची नजर खोलीवरून हळूहळू फिरत होती, खिडकी, घड्याळ, कोपऱ्यातली खुर्ची. घाबरलेली होती ती, पांढरीफटक, पण पंधरा वर्षांनी आपल्याच घराच्या दारात उभी राहिलेली बाई आणखी कशी असणार? अकरा वर्षं त्या जागी टाळ्या वाजत आल्या होत्या. ती बाई घरात शिरून काय बघते हे आजवर कोणाला दिसलंच नव्हतं.

"कोण पाहिजे?" नानांनी एकदाचं विचारलं.

वहिनी बोलली नाही. वाक्य विसरली. तिने नानांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, सावकाश रुमालाची गाठ सोडली आणि दोन्ही हात दोन्ही कानांवरून फिरवले, घराचा आवाज ऐकू येतोय का बघितल्यासारखे. बाई असं कधीच करत नसत.

"कोण पाहिजे म्हटलं!" नाना खरोखरच चिडले होते.

"कोणी नाही," वहिनी म्हणाली. "मी इथे राहायचे."

आवाज कापत होता. पण तो शेवटच्या भिंतीपर्यंत, माझ्यापर्यंत आला. मी तोंडावर हात दाबून धरला आणि मध्यंतरापर्यंत तो काढला नाही. प्रत्येक करकरीला मी दचकत होते. दहावं मिनिट आलं आणि गेलं. सात नंबरचं डोकं जागेवर होतं. पन्नास मिनिटांत एकही खुर्ची मिटली नाही.

मध्यंतरात सात नंबर पाणी प्यायला बाहेर आला. मी त्याला गाठलं. एकवीस वर्षं जे तोंडात धरून ठेवलं होतं ते मी त्याच्या पुढ्यात टाकलं. "एकदा अशीच बदली होती. तुम्ही दहाव्या मिनिटाला उठून गेला होतात. का?"

त्याने पेला खाली ठेवला आणि मनापासून आठवण्याचा प्रयत्न केला. मला ते दिसत होतं. "एकवीस वर्षांपूर्वी? उठलो असेन बुवा. तेव्हा मला दम्याचा त्रास होता, सारखा बाहेर यावं लागायचं. कोण होतं तेव्हा?"

"होती कोणीतरी," मी म्हटलं.

शेवटी टाळ्या झाल्या, चांगल्या घसघशीत झाल्या. बदली कलाकाराने मध्यभागी यायचं नसतं, तशी वहिनी कडेला उभी राहिली आणि सगळ्यांचं वाकून झाल्यावर एकटीच वाकली. दादाला मी सायकल स्टँडवरून उठवून आणलं तेव्हा त्याचे दोन्ही पाय झोपले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडेपटात गेले. बाईंचा आवाज परत येत होता, पुढच्या प्रयोगाला त्या उभ्या राहणार होत्या. वहिनी कोट मांडीवर घेऊन बाह्यांचे टाके उसवत होती, कोट पुन्हा बाईंच्या मापाचा करायला.

"तुला एक गंमत सांगू?" ती खाली बघतच म्हणाली. "हसू नको. कापूस काढायला विसरले मी. तशीच गेले आत. नानांचं तोंड हलताना दिसलं तेव्हा लक्षात आलं. मग रुमाल सोडायच्या निमित्ताने काढला."

मी स्टुलावर बसले. म्हणजे ते अरेरे तिने ऐकलं नव्हतं. ती शांतताही ऐकली नव्हती.

"दहा मोजले मी, बाई मोजतात तसे," ती म्हणाली. मग तिने मान वर केली. "कापसामुळे काही नीट ऐकू आलं नाही गं. एन्ट्रीला टाळ्या वाजल्या ना?"

ती माझ्याकडे बघत होती, फोन वाजल्यावर बघते तशी, छातीवर हात ठेवून.

"वाजल्या," मी म्हटलं.

"खूप?"

"मला तर माझ्याच टाळ्यांनी कानठळ्या बसल्या."

तिने समाधानाने मान हलवली आणि दुसऱ्या बाहीचे टाके उसवायला घेतले.